कडी न लावता

स्कूटरवर मागे बसण्यात मी आता पटाईत.
या शहरात आठवीतली पोरंसुद्धा
काकाची गाडी चोरून गल्लीत फिरवतात.
ऑफिसात विचारतात, तुझी गाडी कुठली?
मी म्हणते, पीएमटी.
हसतात. मीही हसते. पुढचं सांगत नाही.

सकाळी आठ, रात्री आठ,
पांढरी गोळी, मधोमध चीर.
गजर कोंबड्याचा लावलाय.
मीटिंगमध्ये आरवला की टीम लीडर म्हणतो,
खेडेकर, गावाकडे चला आता.

नळस्टॉपचं मला आठवतं ते इतकंच:
पोह्यांच्या गाडीवरची वाफ,
मग कुठेच नसलेल्या दुधाचा
करपल्याचा वास,
मग
एका अनोळखी बाईची मांडी.

मधली चार मिनिटं माझ्याकडे नाहीत.
पोहेवाल्याकडे असतील, रिक्षावाल्यांकडे,
त्या शाळकरी मुलाकडे, ज्याने म्हणे
माझीच चप्पल काढून माझ्या नाकाला लावली.
कोणी कांदा फोडला.
कोणी व्हिडिओ काढला.
शुद्धीवर येऊन, चावलेल्या जिभेने
मी पहिला शब्द बोलले, सॉरी.
पुण्यात सहसा कोणी म्हणत नाही.

आई फोनवर आकडी म्हणत नाही.
तसलं काही झालं नाही ना, असं विचारते.
बायोडेटात रास आहे, नाडी आहे,
उंची पाच फूट दोन,
स्वयंपाकाची आवड (खोटी).
तसलंसाठी रकानाच नाही,
म्हणून ते आम्ही दोघी
फोन ठेवण्याआधीच्या गप्पपणात ठेवतो.

कर्वेनगरच्या आमच्या खोलीत
बाथरूमच्या दाराला कडी आहे, चांगली पितळी.
ती लावायची नाही, असं फरजानाशी ठरलंय.
फरजाना उदगीरची. सीएची तिसरी खेप.
मी आत गेले की पुस्तकातून मान न काढता
काहीबाही विचारत राहते:
शेवग्याच्या शेंगा आणू का?
घसारा म्हणजे काय, सांग बरं?
त्या निळ्या शर्टवाल्याचं लग्न झालंय का गं?
मी उत्तर दिलं म्हणजे मी आहे.
चिडून दिलं तर ती जास्त निवांत.

काल डोक्याला साबण,
आणि बाहेरून प्रश्नच येईना.
मग तो वास आला.
दूध. करपलेलं.

मी भिंतीला पाठ लावून खाली बसले,
शिकवलंय तसं, नळापासून लांब.
बादली पायाने सरकवली.
डोळ्यांत फेस. वाट पाहत राहिले
माझ्या जाण्याची.
गेलेच नाही.
वास वाढत राहिला.

फरजाना, मी ओरडले, गॅसवर दूध आहे का?

अगं माय,
उतू गेलं की सगळं!

मी बसूनच होते.
परत एकदा विचारलं, खरंच दूध ना?
खरंच, खरंच, ती म्हणाली,
आणि आता पातेलं तू घासणारेस.