सातवा खिळा

रेसकोर्स नाक्यावर आता रेस नाही, कोर्सही नाही.
बसचा कंडक्टर नुसतं "रेसकोर्स" ओरडतो,
उतरणाऱ्यांच्या हातात कोथिंबिरीची जुडी असते, नाहीतर चार्जर.
घोड्यावर लावायला कुणाकडं काही नसतं.

माझं पंक्चरचं दुकान वळणावर.
दिवसाकाठी टायरांतून वीस-बावीस खिळे निघतात,
ते मी डालड्याच्या जुन्या डब्यात टाकतो.
अब्बा खिळे ठोकायचा, मी उपसतो.
धंदा तसा एकच.

माघातल्या शर्यतीआधी आठ दिवस
शहराला ताप चढायचा.
फेटेवाल्याकडं रांग. गुजरीत
बायकोची पाटली गहाण टाकून बाहेर पडताना
ओळखीचं कुणी भेटलं, तर दोघंही
अंबाबाईच्या दर्शनाला आल्यासारखं बोलायचे.
तालमीतली पैज दुधाची:
हरेल त्यानं गंगावेशीत अख्ख्या आखाड्याला
धारोष्ण पाजायचं, म्हैस आटेस्तोवर.
शामियान्यात चिकाच्या पडद्याआड
इनामदारांच्या सुना गजऱ्यांवर खेळायच्या,
संध्याकाळी एकीचा अंबाडा फुलांनी वाकलेला
आणि बाकीच्या बोडक्या, हसत.
रात्री जिंकलेल्याच्या घरी तांबडा रस्सा,
हरलेल्याच्या घरीही तांबडा,
फक्त त्यात मटण नसायचं.

सगळे अब्बाला गाठायचे. चहा पाजून, विडी पेटवून देऊन,
"दस्तगीर, कुठलं घोडं?"
"चार पायांचं," म्हणायचा अब्बा.

त्यानं जन्मात पैसा लावला नाही.
ते एक वर्ष सोडून.

इनामदारांची घोडी, काजळी.
निम्मी मंगळवार पेठ तिच्यावर उभी.
आदल्या रात्री नाल बदलताना
मागल्या डाव्या खुरात
सातवा खिळा केसभर आत गेला.
घोडीनं कातडं थरथरवलं,
माशी बसल्यागत, बस्स.
अब्बानं खिळा उपसला, टोक कंदिलाजवळ आणलं.
ओलं होतं.
कंदील माझ्या हातात, मी नऊ वर्षांचा.
त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.
भोकात मेण भरलं, वरून कानस फिरवली,
फिरवतच राहिला.

सांगितलं असतं तर घोडी पागेत राहिली असती
आणि आम्ही रस्त्यावर.

सकाळी नमाज उरकून तो
मलगोंडा बुकीच्या टेबलाशी गेला.
अम्मीच्या वाळ्यांचे सत्तावीस रुपये मोजले.
"काजळी."
काय वाटलं असंल त्याला?
आपलंबी बुडावं, एवढंच असंल.
पण मलगोंडा खुर्चीवरनं उठला,
पेन्सिल कानावरनं पडली त्याची.
नालबंदानं लावलं!
बातमी घोड्यांच्या आधी मैदानाला फेरी मारून आली.
ज्यांनी हात राखला होता, त्यांनी तो सोडला.
गणू शिंप्यानं शिलाईचं मशीन लावलं,
पायट्यासकट.

वळणापर्यंत ती पुढं होती.
माझं दुकान आहे, तिथंच कुठंतरी
(मी तसं धरून चालतो, मोजून कोण देणार)
तिनं मान एकदा खाली घातली.
तिसरी आली.

अब्बाला कुणी बोल लावला नाही.
"नालबंदाचंबी बुडालं, तिथं आपलं काय," म्हणाले,
आणि त्यालाच चहा पाजला.
गणू शिंप्यानं पाठीवर हात ठेवला.
तो चहा अब्बानं धरून ठेवला हातात
साय धरेपर्यंत.

शिंप्याचा नातू येतो माझ्याकडं, स्प्लेंडर घेऊन.
मोबाईलवर क्रिकेटची टीम लावतो, एकोणपन्नास रुपयांची,
विचारतो, "चाचा, आज कोण मारंल?"
त्याच्याकडनं मी पंक्चरचे पैसे घेत नाही.
का, ते त्यानं अजून विचारलेलं नाही.
मी ट्यूब पाण्यात दाबून धरतो
आणि बघत बसतो
बुडबुडा कुठनं येतोय.