उघडायचं कशातून

देवगडच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी,
आमच्या बंदरावर बर्फाचे तीन कारखाने होते.
तिसऱ्याने वर्षभर लादी निम्म्या भावात दिली.
उरलेल्या दोघांच्या पत्र्यांवर आता जाळी वाळतात.
भाव कुणी विचारत नाही. ट्रॉली येते, लाद्या उतरतात.

सोसायटीचा कॉम्प्युटर आला
तेव्हा ते रंगीत वर्तुळ त्यात आधीच होतं.
आठ वर्षं मी त्यातूनच आत गेले:
डिझेलचा परतावा, खलाशांची कार्डं, वाऱ्याचा अंदाज.
ब्राउझर म्हणजे तोच, असं वाटायचं,
लहानपणी वाटायचं ना,
समुद्र फक्त पश्चिमेलाच असतो, तसं.

मग वैशाखात एका रात्री, ऑफिसची कडी लावून
छातीतल्या गाठीबद्दल मी चार शब्द विचारले.
नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.
सकाळी लिलावाचे आकडे उघडले,
तर सुरमईच्या भावाशेजारी
कोल्हापूरचं इस्पितळ, गुलाबी रिबीन,
आणि माझ्या खांद्यामागे उभे नऊ तांडेल.
कुणी काही बोललं नाही.
दाजी मोंडकराने टोपी काढली, झटकली, परत घातली.

गाठ साधी निघाली.
पण त्याच आठवड्यात मी दुसरा ब्राउझर उतरवून घेतला.
थोरला मागे लागला, मला डीफॉल्ट करा, मला डीफॉल्ट करा,
उचल फेडून मोकळ्या झालेल्या बोटीला
व्यापारी जसा पुन्हा चहाला बोलावतो.

परताव्याची साइट नव्यातून उघडेना.
अमुकच वापरा, म्हणाली, सरकारी आवाजात.
आणि चिपळूणला कॉलेजात असलेला भाचा फोनवर हसला:
मावशी, तुझा हा धाकटाही
थोरल्याच्याच पैशावर जगतो.
असेल.
इथेही बोटीवर नाव आपल्या देवाचं असतं,
मासळी मात्र ज्याची उचल त्याच्या दारात.

दाजी विचारतो,
हो तरी डोकावना नाय, कशावरसून गो?

कशावरून?
आई पाटी घेऊन बाजाराला जायची
तेव्हा काटेवाल्याशी कधी भांडली नाही.
पदरात एक दगड बांधलेला असायचा, बरोबर किलोचा.
आधी तो तोलायची, मग मासळी.
काटेवाला बघत राहायचा.
या कामाला चालेल असा दगड
मला अजून मिळालेला नाही.

सध्या दोन्ही ठेवलेत.
परताव्यापुरता थोरला, बाकीचं धाकट्यातून,
त्याच्यावरही अर्धाच डोळा मिटून.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे.
तारीख मी दोघांतल्या कुणालाच सांगितली नाही,
बर्फाच्या पावतीमागे पेनाने लिहिली.
ओलीने शाई फुटलीय.
अकरा की एकोणीस,
आता मलाच वाचवत नाही.