शेपटीवाले शब्द

शरणपूर रोडला, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
एस्तेरबाई शिकवतात :
लुक म्हणजे बघणे,
मागे आफ्टर लागला की सांभाळणे.
मी म्हटलं, बाई, आमच्यातही आहे की.
बघणं वेगळं, बघून घेणं वेगळं.
सगळा वर्ग हसला.

पुट ऑफ, पुट आउट, पुट अप,
त्यालाही विथ चिकटला तर सोसणे.
एवढ्याशा शेपटीत केवढा जीव!

सातपूरला बावीस वर्षं मी वाइंडिंग खात्यात.
मोटारींवर तांब्याची तार चढवायचो.
त्या सकाळी गेटवरच्या कागदात
वाइंड ओळखीचा होता,
अप तर लिफ्टच्या बटणावरचा.
तरी दोन्ही मिळून काय म्हणतात
ते वॉचमन बोराडेला विचारावं लागलं.

कुलपाकडे बघत तो म्हणाला,
गुंडाळली.