शेपटावर निभावलं

काम तसं किरकोळ होतं.
व्हेंतुरा बंधू, ओल्यांव, सार्डिनचे डबे.
बोधचिन्ह जुनाट दिसतं, जरा घासूनपुसून द्या.
लिस्बनमध्ये चौथ्या मजल्यावर
मी तो मासा पडद्यावर ताणला,
आठशे टक्के,
खवले विरघळून नुसते कंगोरे उरेपर्यंत.

कंपनीची पुस्तिका सांगत होती:
पाठीची कमान म्हणजे समुद्र,
डोळ्यातला ठिपका म्हणजे दक्षता,
आमच्याकडे सगळे डोळ्यात तेल घालून काम करतात,
तेही ऑलिव्हचं.
आणि शेपटीच्या रेघा म्हणजे प्रगती.

प्रगतीच्या रेघा चारच होत्या.
कडेहून दुसरीच्या जागी फट.
कुणीच कधी तिच्यावर बोट ठेवलं नव्हतं.
मी पाचवी ओढली,
कॉफी निवायच्या आत.
बैठकीत माना डोलल्या.
साहेब म्हणाले, आता कसा मासा पुरा वाटतो.

मार्चमध्ये नवे डबे निघाले तेव्हा
फोटो काढायला मी ओल्यांवला गेले.
कारखान्याच्या दुकानात एक म्हातारी,
देओलिंदा फार्रोबिन्या,
चष्मा न लावता
डब्यावरचा उठाव अंगठ्याने चाचपत होती.
शेपटीपाशी थांबली.
परत मागे आली.
मग डावा हात डब्याशेजारी काउंटरवर पालथा ठेवला,
आणि मला दिसलं.

करंगळीशेजारी काही नव्हतं.

आपल्या भाषेत त्या बोटाला अनामिका म्हणतात,
असं कुणी मला सांगितलं असतं
तर मी तिथेच खाली बसले असते.
कारण कारखान्याच्या वहीतही
त्याचं नाव नव्हतं:
'यंत्र तीन, दोन तास बंद,'
एवढीच नोंद.

होड्या आल्या की भोंगा व्हायचा,
प्रत्येक कारखान्याचा सूर वेगळा,
झोपेतही कळायचं आपला कुठला.
चौदाव्या वर्षी ती आली.
सतराव्या वर्षी झाकण बसवायच्या यंत्राने
झाकणाबरोबर बोटही बसवलं.
तो डबा कुठे गेला, कुणी विचारलं नाही.
दोन आठवड्यांची मजुरी मिळाली
आणि चेपलेल्या डब्यांची एक पेटी.
मुकादम म्हणाला, देवाची कृपा,
जिवावरचं शेपटावर निभावलं.

त्याच हिवाळ्यात मालकांना नवा मासा हवा होता.
छापखान्यात आदेलीनु क्राव्हू म्हणून होता,
थोडा बहिरा, नखांत कायम शाई.
"त्याने माझा हात मागितला," ती म्हणाली.
मी हसले असावे, कारण तिने मान हलवली.
"लग्नासाठी नव्हे गं. कागदावर ठेवायला."
पेन्सिल बोटांच्या कडेकडेने फिरली,
फटीपाशी आली,
आणि तो तिथे जरा जास्त वेळ थांबला.
नंतर कधी बोलला नाही.
वसंतात डबे आले:
हात शेपटी झाला होता,
आणि मालकांना ती प्रगती वाटली.

एकसष्ट वर्षं
फ्रान्सात, अंगोलात, कुणाकुणाच्या फळीवर
तिचा हात पालथा पडून होता.
तिला माहीत होतं. आदेलीनुला माहीत होतं.
तो गेल्यावर एकटीला.

मी म्हटलं, मी ती रेघ काढते.
आजच कळवते. छपाई थांबवता येईल.
खोटं होतं. चाळीस लाख झाकणं निघाली होती.

ती बराच वेळ माशाकडे बघत राहिली.
म्हणाली, "पाच बोटं सारखी नसतात, माहीतय ना?
तू फार सारखी काढलीस."

मग पाकीट उघडलं,
दोन डब्यांचे पैसे सुटे मोजले,
डाव्याच हाताने,
एकही नाणं न सांडता.