सतराव्या मिनिटाला

आधी काठी दिसली, मग एर्मेते बाचिगालुपो.
काठी त्याने हॅमंड ऑर्गनला टेकवली,
बारमध्ये ओली छत्री टेकवावी तशी,
आणि चष्मा पुसला. सावकाश.
सावोनातलं थिएटर, साडेसहाशे खुर्च्या,
डोकी पांढरी, किंवा डोक्यावर काहीच नाही.
मी अकराव्या रांगेत.

पूर्वी अंगावर चंदेरी झगा असायचा.
आता करडा स्वेटर, कोपराला ठिगळ,
आणि बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी.
मागे तीन पोरं. ड्रमवरचा जन्मला तेव्हा
ही रेकॉर्ड तेवीस वर्षांची होती.
मूळचा ड्रमर, रेन्झो, लोआनोच्या दफनभूमीत आहे,
समुद्राकडे तोंड करून.
बासवाला तोरिनोत चष्मे विकतो, फोन उचलत नाही.

मेलोट्रॉन सुरू झालं.
त्या पेटीत प्रत्येक पट्टीखाली टेपचा तुकडा असतो,
त्यावर कुणीतरी कधीतरी वाजवलेलं व्हायोलिन.
आठ सेकंद. मग टेप संपते,
बोट दाबलेलंच असलं तरी.
बोट उचलायचं, स्प्रिंग टेप मागे ओढते, पुन्हा दाबायचं.
पन्नास वर्षं तो हे करतोय.

'मिठाची शिडी'. बावीस मिनिटं चाळीस सेकंद.
सतराव्या मिनिटाला, सात मात्रांच्या भागात, ती जागा येते:
उजवा हात चढत चढत जातो आणि पांढरीवर थांबतो.
रेकॉर्डवर तो थांबतो शेजारच्या काळीवर.
अर्ध्या सुराची चूक.
लोकांनी ती पाठ केली.
ओसाकाच्या कुणी ती स्वरलिपीत उतरवली, बाण काढून.
लिमाच्या एका वकिलाने दंडावर गोंदवली.
एर्मेते मात्र दर मैफलीत हट्टाने पांढरीच वाजवायचा,
आणि दर वेळी सभागृहात काहीतरी खचायचं,
अंधारात एक पायरी कमी निघावी तसं.

आता माझं.
मिलानचा स्टुडिओ, त्र्याहत्तरचा मार्च, रात्रीचे तीन.
मी सोळा वर्षांचा, टेप लावणारा पोऱ्या.
दुसऱ्या खेपेला त्याने ते बरोबर वाजवलं होतं.
स्वच्छ. ग्लासात पाणी ओतावं तसं.
सगळे कॉफी प्यायला खाली गेले
आणि मी नको ते बटण दाबलं.
सेहेचाळीस सेकंद नुसती खरखर.
"दुसरं रीळ खराब निघालं," मी म्हणालो.
चार वाजता स्टुडिओचे पैसे संपत होते.
तेव्हापासून मूग गिळून आहे.
लग्न झालं, बायको गेली,
पाद्र्यापुढे गुडघे टेकून बाकी सगळं सांगितलं.

पंधराव्या मिनिटापासून तळहातांना घाम.
लाकडी कपाटात लेस्लीचं भोंगं गरगरू लागलं.
डाव्या हाताने दोन मात्रा सांडल्या,
ड्रमवाल्या पोराने त्या गुपचूप उचलल्या.
उजवा हात चढू लागला.
मधलं बोट वाकेना.
घसरलं.
काळीवर.

साडेसहाशे माणसं उठली;
खुर्च्यांचा आवाज ऑर्गनहून मोठा.
पुढचा टकला गृहस्थ अनोळखी शेजाऱ्याच्या गळ्यात पडला.
एर्मेतेने स्वतःच्या हाताकडे पाहिलं,
गादीवर चढून बसलेल्या कुत्र्याकडे पाहावं तसं,
आणि तीच पट्टी पुन्हा दाबली. मुद्दाम.

नंतर दाराशी टेबल, पेन, रांग.
मी जुनी रेकॉर्ड पुढे केली.
मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत, माझं नाव आहे,
स्पेलिंग चुकलेलं.
"कुणासाठी लिहू?"
"टेप लावणाऱ्यासाठी."
त्याने वर पाहिलं.
आठेक सेकंद असतील.
"ते दुसरं रीळ," तो म्हणाला,
"त्यात मी बरोबर वाजवलं होतं ना रे?"
मागची बाई खोकली.
"हो," मी म्हणालो. "अगदी बरोबर."
पेन उमटेना. त्याने झटकलं.
एक थेंब माझ्या बाहीवर.