ताव

शावकशा दुबाश यायचे देवळाली कॅम्पातून,
महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी,
स्कूटरवर पायांमध्ये बिस्किटांचा चौकोनी डबा धरून.
तांबट लेनच्या तोंडाशीच इंजिन बंद करत.
"तुमची ठोकाठोक काय कमी आहे, वडके,
त्यात माझी फटफट कशाला?"

डब्यात मलमलीत गुंडाळलेली रिकामी काडतुसं.
एकवीस.
बुडावर बारीक मुकुट,
आणि माझ्या बापाच्या जन्माचं साल.
"स्वीडनची," ते म्हणाले.
मी ऐकलं सुदानची, आणि वर्षभर तेच समजत राहिलो.

नवीन मिळत नाहीत म्हणे ही कुठे.
एक भोपाळहून आलं, दोन कुणा महाराजाच्या लिलावातून,
तीन एका विधवेनं पोस्टानं धाडली,
सोबत चिठ्ठी: यांचा आवाज आता नको घरात.
इतरांच्या बुडाला आत एक भोक असतं, यांना दोन.
शावकशा उजेडाकडे धरून आत बघत
आणि म्हणत, बघ, हेही बघतंय.

बार भरणं त्यांचं काम, त्यांच्या घरी, लायसन्सावर.
मी कधी पाहिलं नाही, विचारलंही नाही.
माझं काम मानेपुरतं.
पितळ वापरून वापरून ताठतं.
दर बाराला फुगतं, दर वेळी पुन्हा दाबून बसवतात,
आणि एक दिवस मानेशी केसाएवढी चीर.
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.
घागरीची कड ठोकताना हाताला कळतंच,
आता हिला राग आलाय, आता थांब, ताव दे.

परातीत पाणी. पाण्यात बुडं, वर नुसत्या माना,
घाटावर पोरं उभी असावीत तशा.
मग दिवा मालवायचा, कारण रंग अंधारातच खरा दिसतो.
निळसर, मग काहीच नाही, मग
सांजेच्या पुसट विटकरीच्या अलीकडे
मी टिचकी मारून आडवं पाडायचो.
चर्र.
शावकशा दर वेळी श्वास सोडायचे,
जणू त्यांचंच काही निवालं.

एकदा घरी नेऊन बंदूक दाखवली त्यांनी.
मी नळीकडे पाहिलंच नाही.
दस्त्यात पितळेची चकती, रुपयाहून मोठी,
तिच्यावर आकडे, आणि एका आकड्यापुढे त्रिकोणी टोचा.
नळी किती झिजली त्याची नोंद, म्हणाले,
एक म्हणजे नवी, तीन म्हणजे म्हातारी.
ही दोनवर आहे.
"आणि आपण, वडके?"
मी म्हटलं, आपल्याला चकतीच बसवली नाही कुणी.
खूप हसले. तेवढ्यात तोफखान्याचा सराव सुरू झाला,
कपाटातल्या बशा किणकिणल्या,
आणि ते बोटानं मोजू लागले, किती सेकंदांनी आवाज आला.

गेल्या मार्गशीर्षात गेले. निफाडकडे दवाचं बर्फ झालं, त्याच आठवड्यात.
मुलगा आला, बंदूक चौकीत जमा झाली, डबाही.
मग हवालदार पगारे माझ्याकडे आले वही घेऊन.
शावकशांच्या हस्ताक्षरात एकवीस.
डब्यात वीस.

मी हातातली गडवी खाली ठेवली.
"मान फुटली एकाची," मी म्हटलं,
"मुशीत टाकलं. गेलं असेल सिंहस्थाच्या कुठल्या गडवीत."
पगारेंनी लिहिलं: वितळले.
सही केली मी. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच
न केलेल्या कामाची.

ते गेले, तेव्हा माळ्यावरून
इरानं खालच्या ओठाला लावलं काहीतरी,
आणि शावकशांनी शिकवली होती तशी
एकच लांब, कोरडी शीळ वाजवली.
अख्ख्या लेनचे हातोडे थांबले.

मग पोट्यांच्या दुकानातून पहिला ठोका पडला,
मग दुसरा,
आणि मी तिला खाली ये म्हणालो,
फार मोठ्यानं नाही.