बाटलीवरच्या रेघा

दिघेकाकांच्या फ्रिजवर डाएटिशियनबाईंचा तक्ता,
लॅमिनेशन केलेला, म्हणजे बदलायचा नाही.
ब्रोकोली. ऑलिव्ह तेल. क्विनोआ, एक वाटी.
काकूंनी चष्मा कपाळावर सरकवला, म्हणाल्या,
मी वाचलं, आता तुम्ही बघा काय ते.

मी बघितलं.
ब्रोकोलीच्या जागी फ्लॉवर, कोवळ्या दांड्यांसकट.
तेल आहे तेच, फक्त पळी लपवली नि चमचा काढला.
क्विनोआऐवजी ज्वारीच्या कण्या, ताकात शिजवलेल्या.
तीन महिन्यांनी काकांची साखर उतरली
आणि डाएटिशियनबाईंना पेढे गेले.

साडेआठला छाजेडांकडे. जमिनीखालचं काही नाही,
चातुर्मासात पालाही नाही,
आणि सुनेचं हिमोग्लोबिन आठ पॉइंट दोन.
तिथे मी लोखंडी कढई काढायला लावली माळ्यावरून,
तीळ, गूळ, भाजके चणे, वर लिंबू पिळून.
दहाला सोळंकीसाहेब, मीठ अर्धं.
मी पाठ केली की साहेब पोह्यांवर जीरावन भुरभुरतात,
मला वास येतो, मी वळत नाही.
कोणाच्या रक्तात काय कमी, काय जास्त,
हे सोयऱ्यांच्या आधी मला कळतं.
माझ्या एका हाताला पाच घरांचं मीठ पाठ आहे.

घर आमचं द्वारकापुरीत.
भाजी मी रात्री साडेआठनंतर घेते,
ठेलेवाल्याला घरी जायची घाई असते तेव्हा.
मुळे दहाचे, पाला फुकट,
त्या पाल्याची डाळ घालून भाजी, दोन वेळची.
तेलाच्या बाटलीवर बॉलपेनच्या चार रेघा,
आठवड्याला एक.
रविवार यायच्या आत तेल रेघेखाली गेलं
तर शनिवारी उकडलेलं.

भूषण माझा, सव्वीसचा.
लोकांचं जेवण पाठीवर घेऊन फिरतो,
विजयनगर ते राजवाडा, रात्री एकपर्यंत.
शिबिरात पट्टा बांधला दंडाला, तर दीडशे-शंभर.
डॉक्टर हसून म्हणाले, बेटा, खातोस काय?
कचोरी. दहा रुपयांत, उभ्याने, एका हाताने,
दुसऱ्या हातात फोन वाजून राहिलेला.

म्हटलं, शेव बंद.
म्हणाला, आई, शेव बंद म्हणजे इंदूर बंद.
मग ठरलं: रविवारी एक मूठ.
त्याची नाही, माझी.

त्याच्यासाठी कुठलाच तक्ता चालेना.
पोळी-भाजीला बसायला लागतं, वरणाला वाटी.
शेवटी मी त्याच्या मागे उभी राहून मोजलं,
ऑर्डर तयार व्हायला चार मिनिटं.
तर चार मिनिटांत, उभ्याने, एका हाताने:
सालासकट मुगाचं धिरडं, आत मेथी परतून, गुंडाळी.
चार धिरडी, जुन्या वहीच्या कागदात नाही, फडक्यात.

डबा रोज लख्ख रिकामा यायला लागला.
मी खूश. महिनाभराने कळलं,
दीड हा खातो, दीड लोकेंद्र,
एक फैजान, दुचाकी स्टँडवर लावून.
आणि कचोरी? तीही, तिघांत एक.
मी काही बोलले नाही.
मुगाची वाटी शिगेला भरली,
तेल तेवढंच, तवा कांद्याने पुसून.
तरी चोवीस तारखेला बाटली चौथ्या रेघेखाली.

काल रात्री दीडला दार वाजलं.
भूषण चप्पल काढता काढता म्हणाला,
फैजान विचारून राहिला होता,
अब्बूंची शुगर तीनशे निघाली,
तुझ्या मम्मीला विचार, काय खायला घालू.
तू कागदावर लिहून दे, मी फोटो पाठवतो.

मी कॅलेंडरचं मागचं पान फाडलं.
पेन हातात, झोप डोळ्यांत, काही लिहवेना.
म्हटलं, आधी त्याला फोन लाव.
डॉक्टरांनी गोळी दिलीय का, ती चुकवत नाहीत ना?
काम काय करतात, बसून की उभ्याने?
घरी रांधतं कोण?
आणि हे विचार नीट,
दात आहेत का त्यांना?